उंदीर वाजत्यात तवर

उंदरांचे पिंजरे करून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात उंदीर मारायला बंदी आहे, हे आम्हाला खोली घेताना कुणी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत नोकरी लागली होती, मला जवळच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायचं काम मिळालं होतं, आणि पदरात वर्षाची मुलगी. उचगावात एका कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. पुढं घरमालकांचं पत्र्याचं दुकान. ट्रंका, धान्याचे डबे, चाळण्या, आणि दाराबाहेर दोरीला टांगलेले उंदरांचे पिंजरे. मालकांना सगळी गल्ली चाचा म्हणायची, त्यांच्या बायकोला चाची. आम्हीही म्हणायला लागलो.

पहिल्याच आठवड्यात माळ्यावरच्या उंदरांनी मुलीची दुपटी कुरतडली. मी दुकानात जाऊन एक पिंजरा मागितला. चाचांनी हातातली कातर खाली ठेवली आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचं घर पेटवायला काडेपेटी मागितली होती. म्हणाले, "बाई, ह्यो माल भायेरच्या लोकास्नी. आपल्या घरात चालत न्हाय." मला वाटलं थट्टा करतायत. पण ते पुढं म्हणाले, "उंदीर वाजत्यात तवर निवांत झोपायचं. वाजायचं थांबलं की उठून चालायला लागायचं." आणि पुन्हा पत्रा कापायला लागले.

चाचा उंच आणि हडकुळे होते. पांढरी दाढी, डोक्याला विणलेली टोपी, बनियन आणि चौकड्यांची लुंगी. पत्र्यानं हात सदा कापलेले असायचे. कापलं की जराशी हळद दाबायची, वर चिंधी बांधायची आणि काम पुढं चालू. दोनतीन बोटांना तरी चिंध्या असायच्याच. माणूस तसा भित्रा अजिबात नव्हता. एकदा दुकानात नाग निघाला, तर गल्ली ओरडत असताना यांनी त्याला नव्या ट्रंकेत घातला, ट्रंक सायकलला बांधली आणि माळावर नेऊन सोडला. वर ती ट्रंक त्याच आठवड्यात एका नवरीच्या बापाला विकली. ते भ्यायचे एकाच गोष्टीला, आणि तिचं नाव तोंडानं घ्यायचे नाहीत. नुसतं "ती" म्हणायचे. ती आली की घर बघत न्हाय, जात बघत न्हाय.

कोणीही पाहुणा आला की पाऊसपाणी विचारावं तसं ते विचारायचे, "काय पावणं, घरात उंदीर हायेत न्हवं?" माझ्या नवऱ्याला तर आम्ही तिथं होतो तोवर ते पावणंच म्हणत राहिले. त्यांच्या थोरल्या मुलीसाठी एक चांगलं स्थळ मिरजेकडून आलं होतं. मुलगा शिकलेला, घर नवं, स्लॅबचं. घर बघायला गेल्यावर मुलाच्या आईनं कौतुकानं सांगितलं की आमच्या घरात औषधालासुद्धा उंदीर सापडायचा नाही. चाचांनी चहाची कपबशी तशीच खाली ठेवली आणि उठून आले. हे मला चाचींनी सांगितलं, आणि सांगतानाही त्यांचा राग गेलेला नव्हता. पुढं ती मुलगी पिठाची गिरणी असलेल्या घरात दिली. तिथले उंदीर मांजराच्या ताटलीत जेवायचे म्हणे.

रोज दिवेलागणीला चाचा मूठभर ज्वारी घेऊन स्टुलावर चढायचे आणि आढ्याखालच्या फळीवर पसरून ठेवायचे. सकाळी उठल्यावर पहिलं काम ती फळी बघायचं. फोलपटं दिसली की तिथूनच हाक, "खाल्ली." आतून चाचींचं उत्तर यायचं, "मग या चहाला." त्यांच्या संसारात सकाळ अशी व्हायची.

यामागची गोष्ट त्यांनी मला एका दुपारी सांगितली. एका डब्याला तळ लावत होते, मान वर न करता बोलत होते. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी गावात ती आली होती. आधी उंदीर पडले. दिवसाढवळ्या माळ्यावरून खाली यायचे, झिंगल्यासारखे गरगर फिरायचे आणि अंगणात मरून पडायचे. चाचांची आजी भारी टापटिपीची. तिनं शेपट्या धरून धरून ते उकिरड्यावर टाकले. मग तिला ताप चढला आणि जांघेत गाठ आली. तोवर सगळं गाव माळावर उसाच्या पाचटाच्या झोपड्या घालून राहायला निघालं होतं. आजोबांनी तिच्यासाठी दारासमोर पाण्याची घागर भरून ठेवली आणि पोरांना घेऊन ते निघाले.

"ती आतनं हाका मारत हुती," चाचा म्हणाले. "माझा बाप म्हातारा झाला तरी त्याला त्या हाका ऐकू यायच्या."

नंतर आजोबा अधूनमधून गावात जाऊन रिकाम्या घरात ज्वारी टाकून येत. दाणे तसेच राहिले की परत माळावर. ज्या दिवशी दाणे खाल्लेले दिसले, त्या दिवशी घर माणसांना राहायला मोकळं झालं.

मी शास्त्राची बाई. मी त्यांना सांगितलं की प्लेग पिसवांमुळं येतो. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं आणि त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात उंदीर उरलेले नसले की ते अंग माणसाचं असतं. चाचा हसले. एवढ्याश्या पिसवेनं आख्खं गाव ओस पडतंय व्हय, असं म्हणाले. त्यांच्या मते ती मेलेल्या उंदराच्या वासातून यायची. यावर आमचे बरेच वाद झाले आणि दोघांनीही आपापलं सोडलं नाही.

मग चौऱ्याण्णवचं ते वर्ष आलं. आधी बीडकडच्या खेड्यांत उंदीर पडल्याच्या बातम्या आल्या. पाठोपाठ गणपती बोळवून लोक जरा निवांत होतायत तोवर सुरतेचं नाव कानावर आलं. तिथली माणसं गाड्या भरभरून पळत होती. कोल्हापुरात औषधांच्या दुकानांतल्या कॅप्सूल संपल्या. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले. स्टँडवर कोणी खोकलं तर भोवतीची जागा मोकळी व्हायची. माझं माहेर गारगोटीकडं, पण मुलीला घेऊन त्या स्टँडवर उभं राहायची माझी छाती झाली नाही. तिला साधी सर्दी झाली होती. ती शिंकली की मी दार लावून घ्यायची, आणि दार लावल्यावर मलाच तिच्या शिंकेची भीती वाटायची. वर्गात मी शिकवलं होतं की हा रोग छातीत शिरला तर त्याला उंदीर लागत नाही, पिसूही लागत नाही, नुसता खोकला पुरतो. सुरतेत तो छातीत शिरला होता.

चाचांच्या दुकानापुढं पिंजऱ्यांसाठी रांग लागली. आयुष्यात एवढं गिऱ्हाईक त्यांनी बघितलं नव्हतं. त्यांनी दोरीवरचे सगळे पिंजरे उतरवले, आत नेले आणि सांगितलं, विकायचे नाहीत. तेवढ्यापुरता त्यांना माझा धडा पटला होता. येईल त्याला सांगायचे की आधी पिसवांची पावडर मारा, उंदराला मागनं बघू, बाई म्हणत्यात. लोक चिडले. समोरचे किराणावाले अण्णा सगळ्यांत जास्त चिडले. त्यांच्या पोत्यांत उंदरांनी धुमाकूळ घातला होता. म्हातारा भाव चढायची वाट बघतोय, असं त्यांनी गल्लीभर केलं. चाचांनी ते ऐकलं आणि पत्रा कापत राहिले. मीही अण्णांना समजावून बघितलं. ते हो हो म्हणाले आणि पोत्यावरचा हिशेब करत बसले.

चाचांचा धाकटा मुलगा रफिक सुरतेला यंत्रमागावर कामाला होता. त्याचं नाव त्या दिवसांत घरात कोणी घेत नव्हतं. चाची मात्र रस्त्यावर ट्रक थांबल्याचा आवाज आला की हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या.

एका दुपारी तो आला. खांद्याला पिशवी, तोंडाला रुमाल, ट्रकमधून उतरून हायवेपासून चालत आलेला. चाचांनी त्याला गल्लीच्या तोंडाशी बघितलं आणि दुकानातली लांब पट्टी उचलून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"तितंच थांब," ते म्हणाले.

रफिकला आधी गंमत वाटली. तो दोन पावलं पुढं आला. चाचांनी पट्टी वर उचलली. मग तो थांबला. गल्लीतली दारं उघडली आणि लगेच लागली. आतून चाची धावत आल्या, तर चाचांनी हात आडवा धरून त्यांना अडवलं. त्या त्यांच्या हाताला हिसडे देत होत्या, आणि तो मुलगा समोर नुसता उभा होता. मी खिडकीतून बघत होते. मुलगी माझ्या कडेवर होती. मला त्या आईसाठी वाईट वाटत होतं, पण त्याला आत घेऊ नये, असंही मनात होतं. दोन्ही एकाच वेळी.

गावाबाहेर चाचांची शेताची एक पट्टी होती आणि तिथं भंगार पत्र्याची शेड. चाचा पुढं, बरंच अंतर ठेवून रफिक मागं, असे ते तिकडं गेले. गावातल्या डॉक्टरीणबाई तोंडाला फडकं बांधून त्याला तपासून आल्या. ताप नव्हता, खोकला नव्हता. त्यांनी कॅप्सूल दिल्या आणि काही दिवस असंच वेगळं ठेवा म्हणाल्या. चाची डबा भरून द्यायच्या, चाचा तो बांधावरच्या दगडावर ठेवून मागं सरायचे. लांबून विचारायचे, खोकला? रफिक मान हलवायचा आणि पाठ करून जेवायला बसायचा. चाचींनी चाचांशी बोलणं टाकलं. सकाळी "खाल्ली" अशी हाक यायची, पण आतून उत्तर येईनासं झालं.

आणि मग एका सकाळी हाकच आली नाही.

मी दुधाचं भांडं घेऊन बाहेर आले, तर चाचा स्टुलावर उभे. एक हात फळीवर. ज्वारीचे दाणे जसेच्या तसे होते. ते माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाले, "बाई, पोरीला उचला. भांडीकुंडी राहूद्या."

मी काहीतरी बोलणार होते. दुसरं काही कारण असेल, उंदरांना दुसरीकडं खायला मिळालं असेल. तेवढ्यात माळ्यावरून एक उंदीर खाली आला. लख्ख उजेडात, माणसं उभी असताना. तो पळाला नाही. पडवीच्या मध्यावर येऊन स्वतःभोवती फिरायला लागला, एका अंगावर कलला आणि मुलीच्या पाळण्याच्या दोरीखाली पडून राहिला.

मी तो धडा कितीदा शिकवला होता. उंदीर, पिसू, माणूस असं फळ्यावर लिहून मधे दोन बाण काढायचे. पण आता ते अंग गार पडायला लागलं होतं, आणि त्यावरून काय उठेल हे मला कळत होतं, दिसत मात्र नव्हतं. मी दुधाचं भांडं धरून तशीच उभी होते. चाचींनीच पाळण्यातली मुलगी उचलून माझ्या कडेवर दिली आणि आम्ही निघालो. नवरा दिवसपाळीला गेला होता. दार उघडंच राहिलं.

शेडजवळ पोचलो तर रफिक बांधावर उभा होता. चाचांना वाटलं, डबा घ्यायला आलाय. तो म्हणाला, "थांबा तितंच. कुठनं आलाय तुमी?"

चाचा म्हणाले, उंदीर पडलेत.

"मग हिकडं कशाला आलाय?"

त्याला चिडवायचं नव्हतं. तो एकेक पाऊल मागं सरत होता. बापानं त्याला ज्या दगडापलीकडं ठेवलं होतं, त्याच दगडापाशी आता बाप उभा होता आणि कुणी कुणाला भ्यायचं हे कळत नव्हतं. चाची मात्र थांबल्या नाहीत. त्या सरळ चालत त्याच्यापाशी गेल्या आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आम्ही बाकीचे तिथंच दगडाभोवती बसलो.

बसल्यावर मला बांधातली बिळं दिसली. ताजी उकरलेली माती, भुईमुगाची टरफलं. मी वाचलं होतं की हा रोग कधी संपत नाही, तो रानातल्या उंदरांत गुपचूप राहतो. त्यांचं फारसं बिघडत नाही. गावातला उंदीर रानातल्या उंदराला भेटला की त्यांच्या पिसवा इकडच्या तिकडं होतात आणि मग गावात मरणं सुरू होतात. चाचांचं कुटुंब दोन पिढ्या ज्या माळाला आसरा मानत होतं, तिथंच तिचं घर असू शकत होतं. मला ते मनात ठेवणं जमलं नाही, मी सांगितलं. चाचांनी त्या बिळांकडं बघितलं.

"मग जायाचं कुठं, बाई?" त्यांनी विचारलं.

मी मुलीचे पाय साडीत गुंडाळून घेतले.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर नवरा शोधत आला. ती रात्र आम्ही शेडबाहेर काढली. सकाळी चाचा जागेवर नव्हते. शेताच्या पार टोकाला, उसाच्या कडेला ते एकटेच बसलेले दिसले. रफिक तिकडं निघाला तर त्यांनी हात करून थांबवलं. अंगात ताप असल्याचं त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. त्यांनी उजवा हात वर केला, डाव्या हातानं काखेत दाबून दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "गाठ आलीया. कुनी येऊ नगा. पानी मधी ठेवा आनि पोरीला घेऊन हितनं जावा."

नवऱ्यानं माझा दंड धरला. रफिकनं खरोखरच पाण्याचा डबा भरला आणि मधल्या वाटेपर्यंत नेऊन ठेवला. परत येताना तो रडत होता.

चाचींनी पदर कमरेला खोचला. त्या डब्यापर्यंत गेल्या. डबा उचलला आणि पुढं चालायला लागल्या. चाचा ओरडायला लागले, मग शिव्या द्यायला लागले, ढेकळं उचलून फेकायला लागले. एक ढेकूळ चाचींच्या खांद्याला लागलं. त्या थांबल्या नाहीत. त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि त्यांच्या घरातल्या हिंदीत म्हणाल्या, "हात उठाओ. देखने दो."

त्यांनी स्वतःच्या बोटांनी ती गाठ चाचपली. मग त्यांच्या बोटावरची चिंधी सोडली. आम्हाला लांबून एवढंच दिसलं की त्या वाकून ते बोट बघत होत्या आणि चाचा लहान मुलासारखे हात पुढं करून बसले होते.

रफिक धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या आधी दगडापाशीच थांबल्या, तोंडाला फडकं बांधलं, हातमोजे घातले. त्याही भ्यायल्या होत्या, ते दिसत होतं. बोट पाहून त्यांनी सांगितलं की पत्र्यानं कापलेली जखम चिघळलीय, आत पू झालाय, हाताच्या जखमेनं काखेत गाठ येऊ शकते. येऊ शकते, असंच म्हणाल्या. इंजेक्शन दिलं, कॅप्सूल दिल्या आणि उद्यापर्यंत वाट बघा म्हणाल्या. तो दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही. चाची तिथून उठल्या नाहीत, एवढं आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता.

उंदरांचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. पावडर मारायला माणसं गल्लीत आली, घराघरांत विचारपूस झाली, तेव्हा अण्णांनी मान खाली घालून सांगितलं की त्यांनी शहरातून उंदीर मारायचं औषध आणून पोत्यांमागं आणि चाचांच्या भिंतीलगत टाकलं होतं. चाचांनी पुढं कधीही त्यांच्या दुकानातून साखर आणली नाही. घरभर पावडर पडली, कौलं उतरवून माळा झाडला, आणि चाचा रोज संध्याकाळी एकटे जाऊन रिकाम्या घरात ज्वारी टाकून यायला लागले. आम्ही परत राहायला गेलो तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.

उचगावात किंवा कोल्हापुरात ती आली नाही. रफिक पुन्हा सुरतेला गेला नाही, दुकानातच बसला. पण बापाशी बोलताना तो कायम दोन हात लांब उभा राहायचा. मुद्दाम नसेल. सवय लागली असेल.

आम्ही पुढं कळंब्याला घर बांधलं. चाची दोन हजारच्या पुढं कधीतरी साखरेच्या आजारानं गेल्या, सरकारी दवाखान्यात, चाचा उशाशी असताना. त्यानंतर एकदा चाचा आमच्याकडं आले. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिनं चहा दिला, तर तिच्याकडं बघत म्हणाले, हिला घेऊन पळालोतो आपण. मुलगी आत गेल्यावर मी विचारलं की त्या दिवशी उसाच्या कडेला एकटे बसला होता, तेव्हा मरणाची भीती वाटली का.

"मरायची न्हाय वाटली," चाचा म्हणाले. "ती उठून माझ्याकडं येती का काय, ह्याचं भ्या वाटत हुतं."

"आणि चाची आल्या नसत्या तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. बशी वाजली.

"त्येचं तर लईच वाटत हुतं, बाई."